फुमिएबाईंचं खोकं

पिंप्राळा, जळगाव
१२ नोव्हेंबर १९९९

प्रिय उत्पला,

सप्रेम जय भीम. पुढे वाचण्याआधी पाकीट उलटं करून बघ. मागच्या पट्टीवर मी आडवी सही केली आहे, अर्धी पट्टीवर आणि अर्धी खालच्या कागदावर. तू पाकीट नेहमी बाजूने फाडतेस, म्हणजे सही शाबूत असायला हवी. दोन्ही अर्धे जुळत असतील तर हे पत्र वाटेत कुणी उघडलेलं नाही. जुळत नसतील तर तुमच्या आश्रमशाळेच्या हेडमास्तरांवर माझा संशय आहे, कारण मागे मी फोन केला तेव्हा त्यांनी कोण बोलतंय हे मला तीनदा विचारलं होतं. इतकी चौकशी करणाऱ्या माणसाच्या पोटात काहीतरी असतं. आता तू म्हणशील, आबा, तुम्ही स्वतः काय वेगळं करता? म्हण. तुझ्या तोंडून तेवढं ऐकायलाही चार महिने झाले.

घरी ठीक आहे. तुझ्या आईच्या गुडघ्यांसाठी डॉक्टरने गोळ्या बदलल्या. नव्या गोळ्या जुन्याच आहेत आणि नुसती डबी बदलली आहे असं माझं मत, पण तिला बरं वाटतंय म्हणून मी गप्प आहे. शेजारचे उखर्डूभाऊ रोज कुंपणावरून तुझं विचारतात. परवा म्हणाले, ‘आधारभाऊ, पोर दिवायीले बी उनी नही का?’ मी सांगितलं, शाळेला सुटी नव्हती. आश्रमशाळेला दिवाळीची सुटी नसते हे त्यांनी लगेच मान्य केलं, त्यावरून त्यांना खरं काय ते ठाऊक आहे असं दिसतं. दूधवाल्याचं दूध पातळच आहे. आणि हो, तुझ्या नावाचं एक खोकं आलं आहे, पोस्टाने. ते दिवाणावर ठेवलंय. तुझी आई त्याच्या भोवतीने झाडते, मी त्याच्यासमोर बसून चहा घेतो, फोडलेलं कुणी नाही. त्याचं शेवटी लिहितो. आधी लिहिलं तर तू मधलं वाचणार नाहीस, आणि मधलंच तुला सांगायचं आहे.

तीस वर्षं मी जकात नाक्यावर काढली. गावात येणारा प्रत्येक ट्रक माझ्यापुढे थांबायचा, ड्रायव्हर कागद पुढे करायचा, कागदावर तांदूळ लिहिलेलं असायचं आणि मी वर चढून पोत्यात सळई खुपसायचो. कागदावर एक आणि ताडपत्रीखाली दुसरं, हे मी इतक्यांदा पाहिलं की घरी आलो तरी माझी सळई हातातच असायची. तू शाळेतून आलीस की मी तुझं दप्तर बघायचो. तू चिडायचीस, मी म्हणायचो, स्वच्छ माल असेल तर भीती कसली? आम्हा नाक्यावरच्या लोकांचा एक ठोकताळा होता. ज्याचा माल सरळ, तो ड्रायव्हर थांबतो, कटकट करतो, शिव्याही देतो, पण थांबतो. लांबून नाका दिसला आणि जो ट्रक मागे वळला, त्यात हमखास काहीतरी आहे. तीस वर्षांत हा ठोकताळा कधी चुकला नाही. निदान मला तसं वाटत होतं.

यावलचा निंबा तुला आठवणार नाही, तू तेव्हा लहान होतीस. केळीची गाडी घेऊन यायचा. एकदा मला खबर लागली की त्याच्या घडांखाली कापडाचे गठ्ठे असतात. मी भर उन्हात सगळे घड रस्त्यावर उतरवायला लावले. तळाशी केळीची वाळलेली पानं निघाली, दुसरं काही नाही. तोवर घड काळे पडायला लागले होते. निंबाने पुन्हा गाडी भरली, दोर आवळला आणि गेला. त्यानंतर तो नाक्यावर आला की मी सांगण्याआधीच खाली उतरून दोर सोडायला लागायचा. मी त्याला कधी ‘राहू दे’ म्हटलं नाही. मला वाटायचं, चला, माणसाला शिस्त लागली. हल्ली हा निंबा मला फार आठवतो.

तुझं जपानी सुरू झालं तेव्हा मी आडवा आलो नव्हतो, एवढं तूही कबूल करशील. दहावीत तुमची सहल अजिंठ्याला गेली होती. तिथे जपानी म्हाताऱ्यांचा एक घोळका तथागतांच्या मूर्तीपुढे हात जोडून उभा होता आणि त्यांचा गाईड मोडक्या इंग्रजीत काहीतरी सांगत होता. त्यांना त्यातलं अक्षर कळत नव्हतं आणि तरी ते माना हलवत होते, हे तू घरी येऊन मला करून दाखवलंस. म्हणालीस, आबा, बुद्ध आपले, लेणी आपल्या दारात, एवढ्या लांबून येणाऱ्यांना त्यांच्या भाषेत सांगणारं आपल्यातलं कुणी नको का? मला इतका अभिमान वाटला की मी हे ऑफिसात चार जणांना सांगितलं. पुढे पुण्याहून पुस्तकं मीच मागवली. पण पुस्तकाला विचारलं तर पुस्तक उत्तर देत नाही, बोलायला माणूस लागतं, असं तू म्हणायला लागलीस. तेवढ्यात नवी पेठेत रुपचंदने सायबर कॅफे काढला आणि माझी झोप उडाली.

तू मला समजावलं होतंस. इंटरनेटवर एक यादी असते, त्यात जगभरचे लोक आपापली भाषा लिहितात आणि कुठली शिकायची ते लिहितात, मग जोड्या जमतात. मी विचारलं, मराठी शिकायची म्हणणारे किती? तू म्हणालीस, एकच. तिथेच माझा कान उभा राहिला. सगळ्या जगात मराठी शिकू पाहणारं माणूस एक, ते नेमकं जपानचं, तीही बाई, आणि ती नेमकी माझ्याच मुलीला सापडते. नाक्यावर असा कागद कुणी दाखवला असता तर मी ट्रक बाजूला घ्यायला लावला असता.

नाव फुमिए. वय साठ. शाळेतून निवृत्त, नवरा वारलेला, समुद्राकाठच्या कुठल्याशा गावात एकटी राहते. आणि मराठी कशासाठी? तर पाच वर्षांपूर्वी ती अजिंठा बघायला आली, तापाने आडवी झाली, आणि फर्दापूरच्या शेवंताबाई नावाच्या सीताफळं विकणाऱ्या बाईने तिला घरी नेऊन दोन दिवस सांभाळलं. त्या बाईशी पुन्हा येऊन नीट बोलता यावं म्हणून ही मराठी शिकते. तू हे डोळ्यांत पाणी आणून सांगत होतीस आणि मी मनात म्हणत होतो, पोरगी गेली हातची. दोन दिवसांच्या पाहुणचारासाठी आख्खी भाषा कोण शिकतं? मी तीस वर्षं या गावात नोकरी केली, मला नाक्यावरच्या भय्याची भाषा आली नाही.

तुमची पद्धत मला पाठ झाली होती. मंगळवार आणि शुक्रवार. तू दहा ओळी जपानीत लिहायच्या, त्या तिने दुरुस्त करायच्या, तिने दहा ओळी मराठीत लिहायच्या, त्या तू दुरुस्त करायच्या, आणि सगळं इंग्रजी अक्षरांत. मी रुपचंदकडून कागद छापून आणायला लावायचो आणि लाल पेन्सिल घेऊन बसायचो. ती विचारायची, तुमच्या घरात किती माणसं आहेत? सकाळी आधी कोण उठतं? वडील कुठे जातात, परत कधी येतात? शेजारी कोण राहतं? तू म्हणालीस, आबा, भाषा शिकताना असेच प्रश्न असतात, पहिला धडा माझं घर, दुसरा धडा माझा दिवस. मी म्हणालो, चोरसुद्धा याच क्रमाने शिकतो. तू ई-मेल दुपारी पाठवलास तर कधी कधी उत्तर तासाभरात यायचं. जपानहून तासाभरात! माझा हिशेब असा की ती व्यक्ती जळगावातच बसली आहे, फार तर भुसावळला. मग एकदा इथे टळटळीत तीन वाजले होते आणि तिने लिहिलं, आमच्याकडे अंधार पडला, दिवा लावते. मी म्हणालो, पकडली! तू शाळेचा नकाशा काढून मला सूर्य आधी तिकडे उगवतो हे समजावलंस. मला ते समजलं. पण तू इतकी तयार उत्तरं देत होतीस, याचाच मला राग आला.

मग तू तिला अंकलिपी पाठवलीस, पहिलीच्या पोरांची, कमळाच्या क ची. इंग्रजी अक्षरांत तिला खरी मराठी कळणार नाही म्हणून. रजिस्टरने पाठवलीस आणि पाकिटावर मागे आपला पूर्ण पत्ता लिहिलास. त्या दिवसापासून मी दाराला आतून दुसरी कडी लावायला लागलो. मला काय काय वाटलं ते आता लिहायलाही लाज वाटते. मला वाटलं हा कुणीतरी पुरुष आहे. मला वाटलं पोरींना नादी लावून परदेशात नेणारी टोळी आहे. मला वाटलं आपल्याच गल्लीतला कुणी टवाळ आहे आणि तो हे कागद मित्रांना वाचून दाखवतो. तुझं हसणं वाढलं होतं, कॅफेतून आलीस की तू घरभर जपानी पुटपुटत फिरायचीस, आणि मला दिसत होतं की तुझा जो एक कोपरा मी कधी तपासला नव्हता तिथे आता दुसरं कुणीतरी बसलं आहे. खरं हे, की मला ते सहन होत नव्हतं.

आणि जूनमध्ये तिचं लिहिणं थांबलं. एक मंगळवार गेला, शुक्रवार गेला, तू म्हणालीस आजारी असेल. तिकडे भूकंप होतात म्हणून तू रोज माझ्या आधी पेपर उचलायचीस. तू पाच ई-मेल पाठवलेस. पाचवा पाठवून आलीस तेव्हा उखर्डूभाऊ ओट्यावर बसले होते, आणि त्यांच्यासमोर मी म्हणालो, पाहिलंस? नाका दिसला आणि ट्रक वळला. पुस्तकं पोत्यात भरून माळ्यावर टाकलीस, डिसेंबरच्या जपानीच्या परीक्षेला बसणार नाही म्हणालीस आणि साक्रीच्या आश्रमशाळेतल्या नोकरीचा कागद सही करून आणलास. निघताना एस. टी. स्टँडवर तू जे म्हणालीस ते मी रोज ऐकतो. ती खोटी निघाली याचं मला एवढं वाईट वाटलं नाही आबा, तुम्हाला आनंद झाला याचं वाटलं. गाडी हलली आणि मी हात वर केला तेव्हा तू दुसरीकडे बघत होतीस.

आता खोकं. ते सोमवारी आलं. पोस्टमन म्हणाला, परदेशचं आहे, ऑफिसात येऊन सही करा. तपकिरी कागद, वर पांढरी दोरी, जहाजाच्या टपालाचा शिक्का, तिकिटांवर बगळे. कस्टमने न फोडता सोडलं आहे, का कोण जाणे. बाहेर हिरवी चिठ्ठी, त्यात आत काय आहे ते इंग्रजीत लिहिलंय: कॅसेट बारा, रेशमी कापड एक, पत्र एक. माझा पहिला विचार काय असेल तो तुला माहीत आहे. मी खोकं हलवून पाहिलं. नाकाशी धरून पाहिलं. जपानचे शिक्के इथे कुठे बनवून मिळतील याचाही विचार केला. पण मन काही स्वस्थ बसेना, म्हणून मंगळवारी सकाळी कुणाला न सांगता फर्दापूरची गाडी धरली.

शेवंताबाई आहेत, उत्पला. लेण्यांच्या रस्त्याला, तिसऱ्या की चौथ्या टपरीशी पाटी घेऊन बसतात. माहेर त्यांचं साक्रीकडचं, बोलणं अजून तसंच. मी अगदी नाक्यावरच्यासारखं आडून आडून विचारायला गेलो, तर त्यांनी मला मध्येच तोडलं. ‘जपाननी बाई ना? हाऊ, मना घरच व्हती दोन दिन. ताप भरेल व्हता तिले. ती बोले ते माले समजे ना, मी बोलू ते तिले समजे ना, तरी जातांना दोन्ही जनी रडनूत.’ मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, ‘ती तुम्हनी कोन शे?’ त्यांनी दोन सीताफळं माझ्या पिशवीत घातली आणि ती बाई पुन्हा आली तर सगळ्यांनी घरी या म्हणाल्या. परतीच्या गाडीत मी ती पिशवी मांडीवर घेऊन बसलो होतो. ती बाई खरी होती, हे मला कळलं होतं. आणि तिचं लिहिणं का थांबलं, हे तर मला पहिल्यापासून माहीत होतं.

बाळ, ते मी थांबवलं. जूनमध्ये तू मैत्रिणीच्या हळदीला असोद्याला गेलीस, दोन दिवस. मी रुपचंदकडे गेलो. गिऱ्हाइकांची खाती तोच उघडून देतो, म्हणून सगळ्यांचे पासवर्ड त्याच्या वहीत मागच्या पानावर असतात, हे मी आधीच हेरून ठेवलं होतं. मी त्याला म्हणालो, उत्पलाने निरोप द्यायला सांगितलाय. त्याने विश्वास ठेवला, त्याच्यावर रागावू नकोस. मी सांगत गेलो, तो इंग्रजी अक्षरांत मराठी टाइप करत गेला. मी लिहिलं, मी उत्पलाचा बाप. तिचं लग्न ठरलं आहे. ठरलेल्या मुलीने परक्यांशी पत्रव्यवहार करणं आमच्यात चालत नाही, सासरी कळलं तर लग्न मोडेल. पोरगी भिडस्त आहे, ती तुम्हाला लिहीत राहील. तुमचा तिच्यावर जीव असेल तर उत्तर देऊ नका. गेलेल्या निरोपाची नक्कलही मी खात्यातून पुसायला लावली. मला वाटलं होतं, लबाड असेल तर गयावया करेल, धमकी देईल, काहीतरी करेल आणि सापडेल. ती गप्प झाली, तर मी माझा ठोकताळा लावून मोकळा झालो. रस्त्यात दांडा मीच आडवा टाकला होता आणि ट्रक वळला म्हणून मीच ओरडलो. तू पाच वेळा तिला विचारलंस, काय झालं, माझं काही चुकलं का, आणि ती बाई तुझं लग्न मोडू नये म्हणून पाचही वेळा ओठ दाबून बसली असेल. मी तेव्हा तुझ्यासमोर चहा पीत होतो.

खोक्यावर एक ओळ मराठीत आहे. अंकलिपीतल्यासारखी, रेघेवर बसवलेली, एकेक काना सरळ. ‘आबा, हे कृपया उत्पलाला तिच्या सासरी पोहोचवा. आधी तिच्या घरच्यांना विचारा. घाई नाही.’ माझ्यावर विश्वास ठेवून लिहिलंय. मी सासर कुठून आणू? तुझं परीक्षेचं हॉल तिकीटही आलंय, फॉर्म तू मेमध्येच भरला होतास. पाच डिसेंबर, पुणे. बारा कॅसेट कशाच्या असतील ते मी फोडल्याशिवायही सांगू शकतो: तुझ्या परीक्षेसाठी तिच्या आवाजातलं जपानी. रुपचंदकडे जाऊन मी तिला खरं लिहायला बसलो होतो, पण तुझ्या पाठीमागे एकदा लिहून झालं आहे, आता तुझ्या परवानगीशिवाय एक अक्षर नाही. म्हणून हे पत्र. तोंडाने सांगायची माझी छाती नाही, तेव्हा हे आधी तुझ्या हाती पडू दे. बावीस तारखेला, सोमवारी, मी सकाळच्या गाडीने धुळ्याला आणि तिथून साक्रीला येतो. खोकं, हॉल तिकीट आणि घरातला टेपरेकॉर्डर घेऊन शाळेच्या फाटकाबाहेर थांबेन. आत बोलाव म्हणत नाही. सामान घे आणि वाटलं तर मला तिथूनच परत पाठव, पण परीक्षेला जा आणि त्या माउलीला लिही. तीस वर्षं मी लोकांचा माल फोडून पाहिला, हे एवढं खोकं मी बाहेर लिहिलंय तेच आत आहे असं मानून ठेवलंय. दोरीची गाठ तिच्या हातची आहे, मी सोडलेली नाही. तरी तू माझी मुलगी आहेस. आधी गाठ तपासून बघ.

तुझाच,
आबा